वैद्यकाचा ध्यास घेतलेला तंजावरचा राजा: दुसरे सरफोजी भोसले

राज्य गेले, पण राजेपद उरले, अशा अवस्थेत तंजावरचे दुसरे सरफोजी राजे भोसले यांनी आयुष्याची तीन दशकांहून अधिक वर्षे व्यतीत केली. या काळात त्यांनी जो ग्रंथसंग्रह, जे आरोग्यधाम आणि रुग्णांच्या ज्या नोंदी मागे ठेवल्या, त्यांमुळे दक्षिणेतील या मराठी राजाचे नाव भारतीय वैद्यकाच्या इतिहासात आदराने घेतले जाते.

सरफोजी राजांचा जन्म १७७७ साली भोसले घराण्याच्या एका शाखेत झाला. तंजावरचे राजे तुळजाजी यांना वारस नव्हता. मृत्यूपूर्वी, १७८७ साली, त्यांनी या सुमारे दहा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले आणि त्याच्या संगोपनाची जबाबदारी जर्मन मिशनरी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांच्याकडे सोपविली. तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंग यांनी गादी आपल्याकडे घेतल्यावर सरफोजींच्या जिवाला धोका निर्माण झाला. त्यांना मद्रासला नेण्यात आले. तेथे इंग्रजी भाषा आणि पाश्चात्त्य विज्ञान यांच्याशी त्यांचा जवळून परिचय झाला.

१७९८ साली ते तंजावरच्या गादीवर बसले. मात्र, १७९९ च्या तहाने प्रत्यक्ष कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला, वार्षिक एक लाख पॅगोडांचे वेतन आणि महसुलाचा एक पंचमांश वाटा एवढेच राहिले.

तंजावरची गोळी

सरफोजी राजे लहान असतानाच तंजावरचे नाव वैद्यकीय जगात एका वेगळ्याच कारणाने गाजत होते. 'तंजावरची गोळी' या नावाने ओळखले जाणारे औषध सर्पदंशावर आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर रामबाण मानले जाई. सोमल, पारा, मिरी आणि काही विषारी मुळ्या यांपासून ती तयार केली जात असे. मद्रास इलाख्यात निसर्गशास्त्रज्ञ म्हणून काम करणारे पॅट्रिक रसेल यांनी प्राण्यांवर तिच्या चाचण्या घेतल्या. भारतीय सर्पांवरील त्यांचा ग्रंथ १७९६ साली प्रसिद्ध झाला. गोळीची ख्याती या चाचण्यांतून सिद्ध होऊ शकली नाही.

पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाने होणारा रेबीज हा मज्जासंस्थेचा संसर्गजन्य रोग आहे. सुश्रुतसंहितेत त्याचे वर्णन 'अलर्कविष' असे आले असून, रोग्याला वाटणाऱ्या पाण्याच्या भयाचीही नोंद तेथे आढळते. पुढे याच लक्षणावरून या रोगाला 'जलसंत्रास' हे नाव पडले. जुन्या वैद्यांनी त्याची गणना विषबाधेत केली. प्रत्यक्षात तो विषाणूमुळे होतो, हे विज्ञानाला फार उशिरा उमगले. लाळेतून जखमेत शिरलेला विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. या प्रवासास बहुधा एक ते तीन महिने लागतात. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते.

गोळीच्या ख्यातीचे रहस्य येथेच दडलेले होते. चावलेला प्रत्येक कुत्रा पिसाळलेला नसतो आणि पिसाळलेला कुत्रा चावलेल्या प्रत्येकाला रोग होतोच असे नाही. जो मुळातच वाचणार होता, त्याच्या जगण्याचे श्रेय औषधाला मिळे. जे महिन्या-दोन महिन्यांनी दगावले, त्यांच्या मृत्यूचा आणि फसलेल्या औषधाचा संबंध कोणी जोडत नसे. पद्धतशीर नोंद ठेवल्याखेरीज हा भ्रम दूर होणे शक्य नव्हते.

धन्वंतरी महाल

नोंद ठेवण्याची शिस्त सरफोजी राजांच्या वैद्यकीय कार्यात ठळकपणे दिसते. त्यांनी स्थापन केलेल्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य पद्धतीचे वैद्य एकत्र काम करीत. तेथे रुग्णांवर उपचार होत, औषधे तयार केली जात आणि वनस्पतींचा अभ्यास चाले. वैद्यांनी जमविलेले उपचार तमिळ पद्यात बांधण्यात आले आणि 'सरभेंद्र वैद्य मुरैगळ' या नावाने ते ओळखले जातात.

डोळ्यांच्या रुग्णांच्या ४४ नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात जतन झाल्या आहेत. त्यांत रुग्णाची स्थिती, केलेले उपचार आणि डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. उपचाराचा परिणाम दुसऱ्या वैद्यालाही पडताळून पाहता यावा, अशी ही पद्धत होती. शरीररचनेच्या अभ्यासासाठी राजांनी लंडनहून मानवी सांगाडा मागविला. तो हाडांचा नव्हे, तर लाकडात घडविलेला होता.

हे कार्य केवळ राजवाड्यापुरते मर्यादित नव्हते. रामेश्वरच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी तंजावरच्या राजांनी बांधलेल्या छत्रांमध्ये अन्नदान आणि विद्यादान होत असे. १८०१ साली रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना पाठविलेल्या पत्रात सरफोजी राजांनी या छत्रांची माहिती दिली आहे. रोग, सूज आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचे विष यांवर उपचार जाणणारे वैद्य तेथे नेमलेले असल्याचे त्यातून कळते. छत्रांचे उत्पन्न कंपनीच्या ताब्यात जाऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. परमुलखात आजारी पडलेल्या यात्रेकरूला आसरा मिळणे त्यावर अवलंबून होते.

राजांनी मुद्रणालय काढले, युरोपातून ग्रंथ मागविले आणि बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. ७ मार्च १८३२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजी यांच्या मृत्यूनंतर, १८५५ साली, तंजावरचे राजपदही संपुष्टात आले.

रेबीजवर मात्र त्यांच्या हयातीत उपाय सापडला नाही. लुई पाश्चर यांनी १८८५ साली जोसेफ माइस्टर या मुलाला लस टोचली आणि प्रतिबंधाचा मार्ग खुला झाला. १९०७ साली दक्षिणेत कुन्नूर येथे पाश्चर संस्था उभी राहिली. आज दंश होताच जखम साबण व वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुणे, विलंब न लावता लस घेणे आणि वैद्यकीय सल्ल्यानुसार इम्युनोग्लोब्युलिन घेणे, हाच जीव वाचविण्याचा खात्रीचा मार्ग आहे. लक्षणांची वाट पाहणे प्राणघातक ठरते.

तंजावरची गोळी आता इतिहासजमा झाली आहे. सरफोजी राजांच्या रुग्णनोंदी, वैद्यकीय हस्तलिखिते आणि मोडी लिपीतील दस्तऐवज मात्र सरस्वती महालात सुरक्षित असून, वैद्यकाच्या अभ्यासकांना ते आजही मोलाचे ठरतात.