नाकारलेला दगड : वसईचे संत गोन्सालो गार्सिया



आज स्तोत्र ११८ वाचलं. बांधणाऱ्यांनी बाजूला टाकलेला दगड पुढे कोनशिला होतो, तेच स्तोत्र. वाचता वाचता मला आपल्या वसईचे संत गोन्सालो आठवले.

जन्म साधारण १५५७ चा. वडील पोर्तुगीज, आई इथलीच, कोकणातली. वसईच्या किल्ल्यात येशूसंघाच्या फादरांकडे शिकले आणि पंधराएक वर्षांचे असताना त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथली भाषा त्यांनी अशी उचलली की सुमारे आठ वर्षं लोकांना धर्मशिक्षण देत राहिले. मनात मात्र एकच होतं, येशूसंघात जायचं. तो प्रवेश काही मिळाला नाही.

इथे मी दरवेळी थांबतो. आमच्या कुडपणातून मुंबईला गेलेल्या कितीतरी पोरांनी असा नकार ऐकलाय. वर्षानुवर्षं राबल्यावर तो ऐकला की माणूस कडू होतो. गोन्सालो व्यापारात पडले, जमही चांगला बसला. पण मन काही तिथे रमेना. मनिलाला जाऊन ते फ्रान्सिस्कन झाले. धर्मगुरू नव्हेत हं, साधे ब्रदर.

१५९३ मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने फादर पेद्रो बाप्तिस्तांना जपानच्या हिदेयोशीकडे दूत म्हणून पाठवलं. दुभाषा हवा होता. मग कोणाला नेलं असेल? आठ वर्षं जी भाषा बोलली, तीच आता उपयोगी आली. क्योटोत त्यांनी चर्च उभारलं, कुष्ठरोग्यांची सेवा केली.

१५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलं आणि हिदेयोशीला या परदेशी लोकांचा संशय आला. धरपकड झाली. डाव्या कानाची पाळी कापून, ऐन थंडीत, जवळजवळ महिनाभर चालवत सगळ्यांना नागासाकीला नेलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी टेकडीवर २६ क्रूस उभे राहिले. सर्वात धाकटा लुईस फक्त बारा वर्षांचा. त्या २६ जणांत तिघे येशूसंघाचे होते. ज्या संघात गोन्सालोंना जागा मिळाली नाही, त्याच संघाचे तिघे शेवटच्या घटकेला त्यांच्याबरोबर! याचा हिशेब मला मांडता येत नाही.

१६२७ मध्ये त्यांना धन्य घोषित केलं आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संतपद दिलं. भारतात जन्मलेले ते पहिले संत. वसईजवळ गास गावी त्यांच्या नावाचं चर्च आहे.

प्रभो, ज्यांच्या तोंडावर आज दार लागलंय, त्यांच्याजवळ बस. आमेन.