बायॉसचे कर्ते : डॉ. गॅरी किल्डॉल

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा एखादा संगणक ज्यांच्या घरी माळ्यावर पडून आहे, त्यांनी तो खाली काढून, धूळ झटकून, एकदा सुरू करून पाहावा. पंखा घुरघुरू लागतो, पडद्यावर मेमरी मोजल्याचे आकडे भराभर धावतात, आणि मग यंत्र मध्येच थबकते. आपल्या पोटात कोणती हार्ड डिस्क बसविली आहे, याची त्यास ओळख राहिलेली नसते. आणि तारीख विचारावी, तर पुष्कळ यंत्रे १९८० सालातली सांगतात. आतली लहानशी बॅटरी संपली, की यंत्राची ही अशी विस्मृती होते. अशा वेळी जाणता मनुष्य यंत्र बंद करून पुन्हा चालू करतो, आणि ते आकडे धावत असतानाच डिलीट नावाची कळ दाबतो. लगेच निराळाच पडदा उघडतो. त्यावर ना चित्रे, ना खिडक्या. केवळ तारीख, वेळ, डिस्क, मेमरी अशा बाबींची साधी यादी. ह्यालाच बायॉसचे सेटअप म्हणतात.

ह्या यादीपर्यंत पोहोचण्याची युक्ती पुष्कळांस ठाऊक असते. बायॉस हे नाव कोणी ठेविले, हे मात्र शंभरांत एखाद्यासच ठाऊक असेल. ते नाव ठेवणाऱ्या गृहस्थांचे चरित्र आम्ही आज आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गॅरी किल्डॉल यांचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सिअ‍ॅटल या बंदराच्या शहरी झाला. घराण्याचा व्यवसाय मोठा मजेचा होता. त्यांच्या आजोबांनी नौकानयनाचे शिक्षण देणारी शाळा काढली होती; वडीलही तेथेच शिकवीत, आणि पुढे गॅरी यांनीही तेथे शिकविले. ताऱ्यांचे वेध घेऊन समुद्रावर आपले जहाज नेमके कोठे आहे हे काढावयाचे म्हणजे त्रिकोणमितीची लांबलचक आकडेमोड आली. ही आकडेमोड करून देणारे एखादे यंत्र असावे, आकडे घालून दांडा फिरवावा आणि उत्तर बाहेर यावे, असे वडिलांचे फार दिवसांचे स्वप्न होते. पुत्राच्या पुढील आयुष्यात या स्वप्नाने बरेच काम केले.

गॅरी यांना गणिताचे शिक्षक व्हावयाचे होते. त्यासाठी ते वॉशिंग्टन विद्यापीठात गेले. परंतु तेथे संगणकाची ओळख झाली आणि त्यांचे मन तिकडेच रमले. तो व्हिएतनामच्या युद्धाचा काळ होता. तरुणांस सैनिकी सेवा चुकत नसे. किल्डॉल यांच्या वाट्यास ती सेवा शिक्षकाच्या रूपाने आली : कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात संगणकशास्त्र शिकविण्याचे काम त्यांना मिळाले. १९७२ मध्ये त्यांनी डॉक्टरेटही मिळविली. विद्यार्थ्यांपुढे खडू घेऊन उभे राहणे हेच त्यांच्या स्वभावास मानवत असे, आणि पुढे संपत्ती आली तेव्हाही ही शिक्षकी वृत्ती सुटली नाही.

१९७१ च्या अखेरीस इंटेल कंपनीने ४००४ नावाचा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. तोपर्यंत संगणक म्हणजे एक आख्खी खोली व्यापणारे यंत्र. येथे त्याचे गणिती मर्म नखाएवढ्या तुकड्यात आले होते. किल्डॉल यांनी तो तुकडा मिळविला आणि त्यावर प्रथम जे लिहावयास घेतले, ते त्रिकोणमितीचे गणित. वडिलांचा तो दांडा त्यांच्या डोळ्यांपुढे होता, हे उघड आहे. लवकरच ते इंटेल कंपनीस सल्ला देऊ लागले. तिच्या मायक्रोप्रोसेसरांसाठी त्यांनी पीएल/एम नावाची संगणकभाषा तयार केली, आणि मोबदल्यात मिळालेला संगणक विद्यालयातील आपल्या वर्गाच्या मागच्या बाजूस मांडला. विद्यार्थी त्यावर हात चालवून पाहू लागले.

परंतु या छोट्या संगणकास माहिती साठवावयास धड जागा नव्हती. कागदाच्या फितीला भोके पाडून आज्ञा साठवावयाच्या आणि टेलिटाइपवर त्या खडखडत वाचावयाच्या, असा तो प्रकार. किल्डॉल यांनी शुगार्ट कंपनीकडून चाचण्यांत वापरून झालेला एक फ्लॉपी डिस्कचा ड्राइव्ह मिळविला. मात्र संगणक व ड्राइव्ह यांना जोडणारे मंडल त्यांना साधेना. ते आज्ञा लिहिणारे पंडित. तारा डाखण्याचे काम त्यांचे नव्हे. तो ड्राइव्ह बरेच दिवस तसाच पडून राहिला. अखेर जॉन टोरोड या मित्राने ते मंडल तयार केले. आणि १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह गावी घरामागच्या अवजारांच्या खोपटात दोघांनी त्या ड्राइव्हकडून प्रथम काम करवून घेतले. डिस्कवरील फायलींची व्यवस्था पाहणारी जी आज्ञावली किल्डॉल यांनी लिहिली होती, तिचे नाव सीपी/एम. इंटेलने पीएल/एम घेतली, परंतु सीपी/एमचा स्वीकार केला नाही. तेव्हा किल्डॉल व त्यांच्या पत्नी डॉरथी मॅक्युअन यांनी स्वतःची कंपनी काढून ती विकावयाचे ठरविले. कंपनीचे नाव त्यांनी थट्टेने इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च असे ठेविले होते. पुढे त्यातील आकाशगंगा गळून पडली व डिजिटल रिसर्च एवढेच उरले.

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. त्या काळी छोटे संगणक बनविणारे कारखाने पावसाळ्यातल्या छत्र्यांप्रमाणे उगवत होते, आणि प्रत्येकाच्या यंत्राची रचना वेगळी. एकाचा ड्राइव्ह एका पद्धतीने जोडलेला, तर दुसऱ्याचा भलत्याच. कळफलक, पडदा, छपाईयंत्र, सगळ्यांचीच तऱ्हा न्यारी. नवे गिऱ्हाईक आले, की किल्डॉल यांना आपली आज्ञावली उलगडून ठिकठिकाणी दुरुस्त्या कराव्या लागत. १९७५-७६ च्या सुमारास इम्साय या कंपनीस सीपी/एम हवी झाली, तेव्हा ते या कामास अगदी कंटाळले होते. त्यांनी विचार केला की, यंत्रागणिक बदलते ते किती आणि न बदलणारे ते किती? फायल उघडणे, वाचणे, पुसणे हे सर्वत्र सारखेच. बदलणारा भाग अगदी थोडा : कळ दाबली आहे काय ते पाहणे, एक अक्षर पडद्यावर पाठविणे, डिस्कचा अमुक एक भाग वाचणे. हा थोडका भाग त्यांनी बाकीच्यापासून तोडून अलग काढला आणि त्यास बेसिक इनपुट-आउटपुट सिस्टिम असे नाव दिले. त्याच नावाची आद्याक्षरे म्हणजे बायॉस.

पुढे सीपी/एमची जी २.२ ही आवृत्ती सर्वत्र पसरली, तिच्या बायॉसमध्ये अशी अवघी सतरा कामे होती. कारखानदाराने तेवढी सतरा आपल्या यंत्रापुरती लिहून द्यावी, म्हणजे उरलेली सीपी/एम जशीच्या तशी चालावयाची. आणि सीपी/एम चालली, की तिच्यासाठी कोणीही कोठेही लिहिलेले हिशेबाचे किंवा पत्रलेखनाचे कामही चालावयाचे. आमच्या मते ही कल्पना सीपी/एमपेक्षाही मोठी आहे. सीपी/एम आज कोणी वापरीत नाही. बायॉसचे नाव मात्र राहिले आहे.

यानंतरची चार-पाच वर्षे भरभराटीची गेली. किल्डॉल स्वतःचे विमान चालवू लागले. आणि या विमानानेच त्यांच्या नावास एक गोष्ट कायमची चिकटविली.

१९८० मध्ये आयबीएम ही बलाढ्य कंपनी गुप्तपणे आपला छोटा संगणक तयार करीत होती. तिची माणसे पॅसिफिक ग्रोव्हला आली, त्या सकाळी किल्डॉल विमान घेऊन एका गिऱ्हाइकास कागदपत्रे पोहोचवावयास गेले होते. कंपनीचे करारमदार एरवीही डॉरथीच पाहत असत. आयबीएमने गुप्ततेचा एकतर्फी करार पुढे केला. वकिलांच्या सल्ल्याने त्यांनी त्यावर सही करण्यास नकार दिला. दुपारी आपण परतलो व बोलण्यात भाग घेतला, असे किल्डॉल यांचे सांगणे होते. आयबीएमच्या बाजूस ते आठवत नव्हते. एवढे खरे की, सौदा झाला नाही. आयबीएम मायक्रोसॉफ्टकडे गेली. मायक्रोसॉफ्टने सिअ‍ॅटलच्याच एका लहान कंपनीकडून सीपी/एमच्या धर्तीवर बेतलेली प्रणाली विकत घेऊन आयबीएमला पुरविली. किल्डॉल यांनी या साम्याबद्दल तक्रार केली तेव्हा आयबीएमने त्यांचीही प्रणाली विक्रीस ठेवण्याचे मान्य केले. परंतु बाजारात एकीची किंमत ४० डॉलर आणि किल्डॉल यांच्या प्रणालीची सुमारे २४० डॉलर! गिऱ्हाइकाने कोणती उचलली, हे सांगावयास नको. पुढे लोक म्हणू लागले की, किल्डॉल विमान उडवीत बसले आणि संधी हुकली. तीस वर्षांच्या कामाचा निकाल एका सकाळच्या सफरीवर लावणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएमच्या या संगणकात, यंत्राच्या मुख्य फळीवरील कायम स्मृतीच्या तुकड्यात जी आज्ञावली कोरलेली होती, तिचे नाव बायॉसच होते. सौदा फिसकटला, तरी शब्द मागे राहिला. त्या पहिल्या यंत्रात सेटअपचा पडदा मात्र नव्हता. मेमरी किती, ड्राइव्ह किती, हे यंत्रास कळावे म्हणून झाकण उघडून फळीवरील चिमुकल्या खटक्यांच्या दोन ओळी वरखाली कराव्या लागत. १९८४ च्या एटी नावाच्या यंत्रात खटक्यांचे बहुतेक काम एका घड्याळाच्या तुकड्याने घेतले. त्यात केवळ ६४ बाइट जागा. तारीख-वेळ त्यातच, आणि डिस्क-मेमरीची नोंदही त्यातच. वीज गेली तरी बॅटरीवर हे टिकून राही. सेटअप करण्यासाठी यंत्राबरोबर आलेली फ्लॉपी घालावी लागे; ती हरवली, की मालक हताश. पडद्यावर १६१ किंवा १६३ असा आकडा येऊन यंत्र अडून बसे. पहिल्याचा अर्थ बॅटरीने दगा दिला, दुसऱ्याचा अर्थ तारीख-वेळ लावलेली नाही.

पुढे इतर कारखानदारांनी सेटअप बायॉसच्याच तुकड्यात घातले, आणि दाराशी जाण्याची कळ ज्याने त्याने आपल्या मर्जीने ठरविली. अमेरिकन मेगाट्रेंड्स व अवॉर्ड यांच्या पुष्कळ बायॉसांत डिलीट, फिनिक्सच्या बऱ्याच यंत्रांत एफ-२, कॉम्पॅकमध्ये एफ-१०, आयबीएमच्या पुढील कित्येक यंत्रांत एफ-१, आणि काही जुन्यांत कंट्रोल, ऑल्ट व एस्केप या तीन कळा एकदम. कळ ठाऊक नसेल तर जुन्या कारागिरांची एक युक्ती आहे : यंत्र सुरू होताना कळफलकावरील कोणतीही एक कळ दाबून धरावी. कळफलक बिघडला असे समजून यंत्र थांबते, आणि पुष्कळदा सेटअपची कळ कोणती ते आपणच पडद्यावर सांगते.

आमच्या विद्यार्थ्यांनी घरचे जुने यंत्र उघडले, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. यादीतील कोणताही आकडा बदलण्यापूर्वी, विशेषतः डिस्कचे सिलिंडर, हेड व सेक्टर यांचे आकडे, वहीत उतरून घ्यावे. दुसरे असे की, फार जुन्या फळ्यांवर नाण्यासारख्या सेलऐवजी पिंपाच्या आकाराची बॅटरी झाळलेली असते. तिच्यातून पाझरलेला क्षार तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. तेथे नुसते बोट लावू नये; वडीलधाऱ्या जाणकारास बोलवावे.

कळांची ही बजबजपुरी पाहून कोणी म्हणेल की, किल्डॉल यांचा हेतू फसला. आम्हांस तसे वाटत नाही. यंत्रायंत्रांतील वेगळेपण नाहीसे करावे, असा त्यांचा हेतूच नव्हता. ते एका कोपऱ्यात गोळा व्हावे आणि बाकीच्यांस त्याची झळ लागू नये, एवढेच त्यांनी इच्छिले होते. कोपरा ज्याचा त्याचा, म्हणून दारही ज्याचे त्याचे.

किल्डॉल यांचे पुढील आयुष्य रिकामे गेले नाही. १९८३ पासून १९९० पर्यंत ते दूरचित्रवाणीवर संगणकांविषयीच्या एका कार्यक्रमाचे सहनिवेदक होते; तेथेही त्यांच्यातला शिक्षक दिसत असे. १९८५ मध्ये त्यांच्या दुसऱ्या एका कंपनीच्या खटपटीने एक संपूर्ण विश्वकोश सीडीवर आला. १९९१ मध्ये डिजिटल रिसर्च नॉव्हेल कंपनीने विकत घेतली आणि पैसा मिळाला. मनातील शल्य मात्र गेले नाही. १९९२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाचा पंचविसावा वाढदिवस होता. ज्या विभागाने त्यांना डॉक्टरेट दिली, त्याच विभागाने मुख्य भाषणाचा मान मायक्रोसॉफ्टच्या बिल गेट्स यांना दिला. हा घाव त्यांच्या जिव्हारी लागला. त्यांनी आपल्या आठवणी लिहून काढल्या आणि त्यांच्या प्रती मित्रांस व घरच्यांस दिल्या. त्यांतील पहिला भाग २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयाने सर्वांसाठी खुला केला.

जुलै १९९४ मध्ये माँटेरे येथे पडून त्यांच्या डोक्यास मार लागला आणि ११ जुलै रोजी, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी, त्यांचा अंत झाला. त्यांना सिअ‍ॅटलला पुरण्यात आले.

पॅसिफिक ग्रोव्ह येथे लाइटहाऊस रस्त्यावर ८०१ क्रमांकाची इमारत आहे. डिजिटल रिसर्चची कचेरी एके काळी तेथे होती. एप्रिल २०१४ मध्ये विद्युत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तेथे एक धातूची पाटी बसविली. सीपी/एमचा पहिला चालता नमुना १९७४ मध्ये याच गावी दाखविला गेला, अशी नोंद तिच्यावर आहे, आणि खाली बायॉसचाही उल्लेख आहे, किल्डॉल यांच्या नावासह.