क्षीण होणाऱ्या बॅटरीशी दहा वर्षांची झुंज

थॉमस अल्वा एडिसन म्हटले की विजेचा दिवा आणि फोनोग्राफ आठवतो. मात्र त्यांच्या चिकाटीची खरी कसोटी लागली ती बॅटरीच्या कामात.

११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात मिलान येथे जन्मलेल्या एडिसन यांना शालेय शिक्षण फारसे लाभले नाही. तारायंत्र चालकाची नोकरी करीत ते संशोधनाकडे वळले. १८९९ च्या सुमारास त्यांनी विजेवर धावणाऱ्या मोटारींसाठी पुन्हा चार्ज करता येणारी बॅटरी बनवण्याचा ध्यास घेतला. शिसे आणि आम्लाच्या जड बॅटरीऐवजी त्यांनी निकेल, लोखंड व अल्कली द्रावण निवडले. १९०३ मध्ये ही बॅटरी बाजारात आली. पण डब्यांतून द्रावण गळू लागले आणि अनेक बॅटऱ्यांची क्षमता झपाट्याने घटली. एडिसन यांनी उत्पादनच थांबवले आणि पुन्हा प्रयोगशाळा गाठली.

हजारो प्रयोगांनंतर ग्राफाइटऐवजी निकेलचे अतिपातळ पापुद्रे आले, द्रावणात लिथियम हायड्रॉक्साइड मिसळले गेले. १९०९ मध्ये टिकाऊ बॅटरी सिद्ध झाली. तोवर मोटारींच्या बाजारात पेट्रोलची सरशी होऊ लागली होती. तरीही खाणकामगारांचे दिवे आणि रेल्वेचे सिग्नल या बॅटरीवर दीर्घकाळ चालले.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी वेस्ट ऑरेंज येथे त्यांचे निधन झाले. आजच्या लॅपटॉपमधील बॅटरीचे रसायन वेगळे आहे; वापरागणिक क्षमता घटण्याचा प्रश्न मात्र अद्याप पुरता सुटलेला नाही. सदोष वस्तू विकत राहण्यापेक्षा कारखाना थांबवून दोष शोधण्याचा एडिसन यांचा निर्णय म्हणूनच आजही मोलाचा ठरतो.