हरिश्चंद्र बिराजदार

हरिश्चंद्र बिराजदार (५ जून, १९५० – १४ सप्टेंबर, २०११) हे महाराष्ट्रातील नामवंत मल्ल आणि कुस्ती प्रशिक्षक होते. मराठवाड्यातील लातूर जिल्ह्याचे भूमिपुत्र असलेल्या बिराजदारांनी महाराष्ट्र केसरी आणि रुस्तुम-ए-हिंद हे किताब मिळवले, तसेच १९७०च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. कुस्तीक्षेत्रात ते 'मामा' या नावाने ओळखले जात.

प्रारंभिक जीवन

बिराजदारांचा जन्म निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड या गावी झाला. त्यांच्या जन्मकाळी हा तालुका हैदराबाद राज्याच्या बीदर जिल्ह्यात होता. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत तो उस्मानाबाद जिल्ह्यात आणि १९८२मध्ये नवनिर्मित लातूर जिल्ह्यात आला. कुस्तीचे पहिले धडे त्यांनी वडिलांकडून घेतले. राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने वाढलेले कोल्हापूर हे त्या काळी मल्लविद्येचे प्रमुख केंद्र होते. किशोरवयातच बिराजदार तेथील गंगावेश तालमीत दाखल झाले.

कारकीर्द

१९६९मध्ये, वयाच्या विशीच्या आत, लातूर येथील अधिवेशनात त्यांनी महाराष्ट्र केसरी किताब जिंकला. पुढील वर्षी एडिनबरा येथील राष्ट्रकुल स्पर्धेत ८२ किलो वजनगटात त्यांनी सुवर्णपदक पटकावले. त्या स्पर्धेत भारताला मिळालेली पाचही सुवर्णपदके कुस्तीतील होती. मातीवरील कुस्ती चितपटीवर निकाली निघते, तर गादीवरील कुस्तीत वेळेची मर्यादा आणि गुण यांना महत्त्व असते. बिराजदारांनी दोन्ही प्रकारांत यश मिळवले. १९७२मध्ये ते रुस्तुम-ए-हिंद ठरले.

गुरू हनुमान यांचे शिष्य, दिल्लीचे सतपाल हे सत्तरच्या दशकात देशातील उदयोन्मुख मल्ल होते आणि महाराष्ट्रातील मल्लांपुढे त्यांचे मोठे आव्हान होते. १९७७मध्ये बंगळूर येथे बिराजदारांनी त्यांच्यावर विजय मिळवला. वयाने पाच वर्षांनी लहान असलेल्या सतपाल यांनी पुढे १९८२च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. बंगळूरची ही कुस्ती बिराजदारांच्या कारकिर्दीतील सर्वाधिक स्मरणात राहिलेली लढत होय.

प्रशिक्षक

आखाड्यातून निवृत्त झाल्यानंतर बिराजदारांनी पुण्यातील गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद म्हणून नव्या पिढीला घडवले. लातूर जिल्ह्यातीलच अर्जुन पुरस्कारप्राप्त मल्ल काका पवार आणि बीड जिल्ह्यातील राहुल आवारे हे त्यांचे प्रमुख शिष्य. मराठवाड्यातून कुस्तीसाठी कोल्हापूरला गेलेल्या बिराजदारांमुळे त्याच प्रदेशातील पुढच्या पिढीतील मुलांना पुण्यात मार्गदर्शक मिळाला. त्यांच्या निधनानंतर आवारे यांनी काका पवार यांच्याकडे सराव सुरू ठेवला. २०१८मध्ये गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ५७ किलो गटात सुवर्णपदक मिळवले आणि ते आपल्या दिवंगत गुरूंना अर्पण केले. बिराजदारांच्या एडिनबरा येथील पदकाला तेव्हा ४८ वर्षे झाली होती.

पुरस्कार आणि निधन

क्रीडाक्षेत्रातील आजीवन योगदानासाठी त्या काळी दिला जाणारा ध्यानचंद पुरस्कार त्यांना २००६मध्ये प्रदान करण्यात आला. १४ सप्टेंबर, २०११ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.