कर्व्यांच्या घरातला दुसरा सुधारक

पुण्यात कर्वे रस्ता आहे, कर्वेनगर आहे, मुंबईत महर्षी कर्वे मार्ग आहे. हिंगण्याच्या माळरानावर विधवांसाठी आश्रम उभारणाऱ्या, १९१६ साली महिला विद्यापीठ काढणाऱ्या अण्णासाहेबांचे हे ऋण महाराष्ट्राने मोकळ्या मनाने मान्य केले, आणि ते योग्यच झाले. पण त्यांच्या थोरल्या मुलाचे नाव उच्चारताना आपल्याकडे अजूनही आवाज किंचित खाली येतो. रघुनाथ धोंडो कर्वे म्हणजे संततिनियमनवाले, एवढी ओळख पुरेशी मानली जाते. कुटुंबनियोजनाच्या सरकारी मोहिमेचा अग्रदूत अशी एक चौकटही त्यांच्यासाठी तयार आहे. माझा आक्षेप आहे तो या चौकटीला. देशाची लोकसंख्या कमी व्हावी असे त्यांनाही वाटे, पण त्यांच्या विचारांचा गाभा तो नव्हता. मूल व्हायचे की नाही, कधी आणि किती, हे ज्या देहात ते वाढणार त्या देहाच्या मालकिणीने ठरवावे, हे त्यांचे खरे म्हणणे होते. ते महाराष्ट्राने ऐकले असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, कोकणातल्या मुरूडचा. आई राधाबाई १८९१ मध्ये गेल्या तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. दोन वर्षांनी अण्णासाहेबांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या बालविधवा गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि मुरूडकरांनी कर्वे कुटुंबाला वाळीत टाकले. समाज एखाद्या घराकडे पाठ फिरवतो म्हणजे काय करतो, हे या मुलाने अकराव्या वर्षीच पाहिले. पुढच्या आयुष्यात त्यांना लोकनिंदेचे भय कधी वाटले नाही, त्याचे मूळ मला इथे दिसते.

मुलगा हुशार होता. १८९९ च्या मॅट्रिकच्या परीक्षेत तो पहिला आला. फर्ग्युसनमधून पदवी, मग गणिताची प्राध्यापकी, उच्च शिक्षणासाठी पॅरिसचा मुक्काम, असा त्या काळातल्या कुणाही सुशिक्षिताला हेवा वाटावा असा रस्ता समोर होता. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी लंडनमध्ये आपला दवाखाना उघडला होता. त्याआधी पाच वर्षे न्यूयॉर्कमध्ये मार्गारेट सँगर यांनी असाच दवाखाना काढला आणि त्यापायी तुरुंगवास भोगला. म्हणजे जगात जे काम नुकते कुठे डोके वर काढत होते, ते मुंबईतला गणिताचा एक प्राध्यापक जवळजवळ त्याच वेळी करू लागला होता. बरोबर होत्या त्या पत्नी मालतीबाई. मूल होऊ द्यायचे नाही, हा दोघांनी मिळून घेतलेला निर्णय होता. आधी स्वतः करावे आणि मग लोकांना सांगावे, ही या घराण्याची रीतच. वडिलांनी विधवेशी लग्न करून विधवाविवाहाचा पुरस्कार केला होता.

नोकरी विल्सन कॉलेजात, म्हणजे स्कॉटिश मिशनच्या संस्थेत. कॉलेजातल्या मास्तरांनी असल्या विषयावर जाहीर बोलावे-लिहावे हे चालकांना रुचणे शक्यच नव्हते. काम सोडा किंवा नोकरी सोडा, असा प्रसंग आला तेव्हा कर्व्यांनी नोकरी सोडली. गंमत अशी की सनातन्यांना आणि मिशनऱ्यांना एका बाजूला आणण्याची किमया फार थोड्यांना साधली आहे!

१९२३ मध्ये त्यांचे संततिनियमनावरचे पुस्तक आले होते. पण पुस्तक एकदा वाचून होते आणि माणसांच्या शंका संपत नाहीत, म्हणून १५ जुलै १९२७ रोजी त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले. ते त्यांच्या अखेरीपर्यंत, सव्वीस वर्षे, पदरमोड करून चालवले. मी या मासिकाचे जुने अंक प्रथम चाळले ते एका ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत. मुखपृष्ठावरच्या विवस्त्र स्त्रीच्या चित्रांमुळे असेल, पण ते मागणाऱ्याकडे बघण्याची ग्रंथपालांची नजर काही वेगळीच होती. आतला मजकूर मात्र कमालीचा कोरडा. चावटपणा शोधायला आलेला माणूस दहा मिनिटांत जांभया देऊ लागेल. प्रमेय मांडावे, गृहीतके तपासावीत, निष्कर्ष काढावा, अशी ही शैली. देवाधर्माचा दाखला चालणार नाही, पुरावा आणा, एवढाच आग्रह. माझे लक्ष खिळून राहिले ते वाचकांच्या प्रश्नांवर आणि त्यांना दिलेल्या उत्तरांवर. डॉक्टरला, वडीलधाऱ्यांना, मित्राला, नवऱ्याला किंवा बायकोलाही विचारता न येणारी गोष्ट माणसे या अनोळखी संपादकाला विचारत होती आणि ते लाज न वाटू देता, उपदेशाचा डोस न पाजता उत्तर देत होते.

याच उत्तरांनी त्यांना कोर्टाची पायरी चढायला लावली. पहिला खटला १९३१ चा, व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल. पुण्याच्या सनातनी मंडळींनी तो गुदरला. शंभर रुपये दंड झाला आणि अपिलातही काही हाती लागले नाही. दुसरा खटला १९३४ चा. या वेळी आक्षेप वाचकांना दिलेल्या उत्तरांवर होता, विषय हस्तमैथुन आणि समलिंगी संबंधांचे. कर्व्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. पुणे करार होऊन दोन वर्षेही झाली नव्हती, बाबासाहेबांच्या मागे राजकारणाचा आणि चळवळीचा केवढा व्याप होता हे आपण जाणतो. तरी एका खपाने लहान मासिकासाठी ते उभे राहिले. लैंगिक प्रश्न वाचकांना पडतात, तर त्यांची शास्त्रीय उत्तरे का देऊ नयेत, असा त्यांचा युक्तिवाद होता आणि हॅवलॉक एलिससारख्यांच्या संशोधनाचा आधार त्याला होता. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. पुढे ८४ वर्षांनी, २०१८ च्या सप्टेंबरात, सर्वोच्च न्यायालयाने तीन आठवड्यांच्या अंतराने दोन निकाल दिले. एकाने प्रौढांचे संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले, दुसऱ्याने व्यभिचाराचे कलम रद्द केले. कर्व्यांनी दंड भरला ते दोन्ही विषय हेच!

बाबासाहेबांनी हा विषय कोर्टातच सोडला नाही. मुंबई प्रांताच्या विधानसभेत १० नोव्हेंबर १९३८ रोजी संततिनियमनाच्या सोयी सरकारने कराव्यात असा ठराव स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मांडला गेला. बाबासाहेब त्या दिवशी हजर नव्हते, त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी भाषण केले. गरिबीचे, बाळंतपणात खंगणाऱ्या स्त्रियांचे मुद्दे त्यात होतेच, पण कोणत्याही कारणाने मूल नको असलेल्या स्त्रीला ते टाळता यावे आणि हा निर्णय सर्वस्वी तिच्या इच्छेवर असावा, असेही त्यात स्पष्ट म्हटले होते. मला वाटते, या देशातल्या विधिमंडळात हे इतक्या उघडपणे क्वचितच कुणी बोलले असेल. ठराव मोठ्या मताधिक्याने फेटाळला गेला. सत्तेवर काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते आणि काँग्रेसच्या मनावर गांधीजींची छाया होती. १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्याला मार्गारेट सँगर त्यांना भेटून गेल्या, पण कृत्रिम साधने गांधीजींनी मानली नाहीत. संयम हाच उपाय, हे त्यांचे मत कायम राहिले. कर्व्यांना संयमाचा हा उपदेश मुळातच मान्य नव्हता. कामेच्छा पुरुषाला असते तशी स्त्रीलाही असते आणि तिच्या तृप्तीसाठी बाईने मातृत्वाची शिक्षा का भोगावी, असा त्यांचा सवाल होता. बायकांना सुखाचा हक्क आहे, हे १९३० च्या आसपास मराठीत छापून मांडणे म्हणजे काय असेल, याची आज कल्पनाच करावी.

कर्वे चुकले नाहीत असे नाही. त्या काळच्या पाश्चात्त्य विचारवंतांप्रमाणे सुप्रजननाची, म्हणजे चांगली प्रजा आणि निकृष्ट प्रजा असल्या भाषेची भुरळ या चळवळीला पडली होती आणि तिचे शिंतोडे त्यांच्याही लिखाणावर आहेत. त्यांचा तर्क कधी कधी इतका सरळ जातो की वाटेतली माणसे त्याला दिसत नाहीत. परंतु जबरदस्ती त्यांच्या कार्यक्रमात कुठेच नव्हती, आणि पुढचा इतिहास पाहता ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते.

त्यांचे काम पुढे नेणाऱ्यांत ठळक नाव शकुंतला परांजपे यांचे. रँग्लर परांजप्यांची ही कन्या, म्हणजे नात्याने कर्व्यांच्याच गोतातली. पुण्यात त्यांनी तिसाच्या दशकापासून हे काम केले आणि पुढे मुंबई-महाराष्ट्राच्या विधान परिषदेत १९५८ ते १९६४ आणि राज्यसभेत १९६४ ते १९७० अशी बारा वर्षे हा विषय घेऊन त्या बसल्या. गर्भपाताला मर्यादित मुभा देणारा कायदा १९७१ साली झाला. इंग्रजांनी १८६० मध्ये दंडविधानात घातलेली बेडी निदान सैल झाली.

मग १९७६ साल उजाडले. ज्या विधिमंडळाच्या पूर्वसुरींनी अडतीस वर्षांपूर्वी नुसत्या सोयी करण्याचा ठराव फेटाळला होता, त्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले! राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही, एवढेच. दोन्ही वेळा सभागृहाला बाईची इच्छा विचारावीशी वाटली नाही. आणीबाणीत नसबंदीचा वरवंटा मुख्यतः पुरुषांवर फिरला, सरकार पडले, आणि त्यानंतर पुढाऱ्यांनी पुरुषांच्या वाटेला जायचे सोडून दिले. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांनी स्वतः शस्त्रक्रिया करून घेतलेली आढळली. ज्यांच्या नवऱ्याने करून घेतली, त्या ०.३ टक्के. पुरुषांची शस्त्रक्रिया अधिक सोपी, हे डॉक्टर कितीही सांगोत. त्या ३७.९ टक्क्यांपैकी किती जणींनी ते आपण होऊन ठरवले आणि किती जणींचे सासूने, नवऱ्याने किंवा उद्दिष्ट गाठायच्या घाईतल्या यंत्रणेने ठरवले, हे आकड्यातून दिसत नाही. कर्व्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला असता.

त्यांना आपण अगदीच विसरलो असेही नाही. य. दि. फडक्यांनी त्यांचे चरित्र लिहिले. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' हा चित्रपट २००१ साली आला. किशोर कदम त्यात रघुनाथराव झाले आणि सीमा बिस्वास यांनी मालतीबाईंना चेहरा दिला. अतुल पेठे यांनी बसवलेले, अजित दळवी यांचे 'समाजस्वास्थ्य' हे नाटक २०१७ मध्ये रंगभूमीवर आले, तेव्हा त्यातले कोर्टाचे प्रवेश जुने आहेत असे प्रेक्षकांत बसलेल्या मला क्षणभरही वाटले नाही.

भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम १९५२ मध्ये स्वीकारला. त्याच्या पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, रघुनाथराव गेले. 'समाजस्वास्थ्य'चा शेवटचा अंक त्यानंतर महिन्याने निघाला. अण्णासाहेब तेव्हा पंचाण्णव वर्षांचे होते. त्यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले, आणि मुलामागे ते आणखी नऊ वर्षे जगले.