चार्ल्स गुडइयर

चार्ल्स गुडइयर (२९ डिसेंबर, १८०० – १ जुलै, १८६०) हे अमेरिकन संशोधक होते. कच्च्या रबरात गंधक मिसळून ते तापवल्यास उन्हाळ्यात चिकट न होणारे आणि थंडीत न तडकणारे रबर मिळते, हे त्यांनी दाखवून दिले. या प्रक्रियेस व्हल्कनीकरण म्हणतात.

सुरुवातीचे जीवन

गुडइयर यांचा जन्म अमेरिकेतील कनेटिकट राज्यातील न्यू हेवन येथे झाला. वडील अमासा हे बटणे व शेतीची अवजारे बनवत. चार्ल्स यांनी वडिलांच्या व्यवसायात भागीदारी केली. १८२४ मध्ये क्लॅरिसा बीचर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे फिलाडेल्फियात काढलेले लोखंडी सामानाचे दुकान बुडाले आणि कर्जापायी त्यांना तुरुंगात जावे लागले.

रबरावरील प्रयोग

१८३४ मध्ये न्यूयॉर्कमधील एका रबर कंपनीच्या दुकानात त्यांनी जीवरक्षक पट्टा पाहिला व त्यासाठी सुधारित झडप तयार केली. मात्र कंपनीपुढील अडचण झडपेची नव्हतीच. उन्हाळ्यात रबरी मालाचा चिकट, दुर्गंधीयुक्त गोळा होऊन तो परत येत होता. हा दोष दूर करण्याचे गुडइयर यांनी मनावर घेतले. त्यांना रसायनशास्त्राचे शिक्षण नव्हते. पहिले प्रयोग त्यांनी तुरुंगातच, पत्नीचे लाटणे वापरून केले. मॅग्नेशिया, चुना, नायट्रिक आम्ल असे एकेक पदार्थ त्यांनी आजमावले. नायट्रिक आम्लाच्या प्रक्रियेने बनवलेल्या टपालाच्या पिशव्याही उन्हाळ्यात टिकल्या नाहीत. या काळात घरातील सामान विकले गेले, मुलांची शाळेची पुस्तकेही सुटली नाहीत.

नॅथॅनिएल हेवर्ड हे रबरावर गंधक लावून ते उन्हात वाळवत. १८३९ मध्ये गुडइयर यांनी त्यांचे पेटंट विकत घेतले. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न येथे गंधकमिश्रित रबराचा तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. तो वितळला नाही, चामड्यासारखा करपला. करपलेल्या भागाच्या कडेला रबर लवचीक व टिकाऊ राहिले होते. हा शोध योगायोगाने लागला असे सर्रास सांगितले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. किती उष्णता, किती वेळ व किती गंधक, हे ठरवण्यात पुढची जवळजवळ पाच वर्षे गेली.

पेटंट आणि अखेरची वर्षे

१५ जून, १८४४ रोजी त्यांना अमेरिकेत पेटंट मिळाले. तोपर्यंत इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉक यांनी आपला अर्ज दाखल केला होता. गुडइयर यांचे नमुने हॅनकॉक यांच्या पाहण्यात आले होते. रोमन अग्निदेव व्हल्कन याच्यावरून प्रक्रियेला मिळालेले नावही इंग्लंडमधलेच. अमेरिकेत १८५२ मध्ये डॅनियल वेब्स्टर यांनी गुडइयर यांच्या बाजूने लढवलेला खटला जिंकला, तरी पैसा हाती राहिला नाही. १८५५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनानंतर फ्रान्सचा 'लीजन ऑफ ऑनर' हा सन्मान जाहीर झाला, तेव्हा ते तेथील कर्जदारांच्या तुरुंगात होते. न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले, त्यावेळी त्यांच्यावर सुमारे दोन लाख डॉलरचे कर्ज होते.

अध्यापनातील स्थान

बहुवारिकांवर उष्णतेचा परिणाम शिकवताना गुडइयर यांची शेगडी आजही उपयोगी पडते. कच्च्या रबरातील लांब रेणुसाखळ्या तापल्यावर एकमेकींवरून सरकतात, म्हणून ते मऊ व चिकट होते. गंधकाचे पूल या साखळ्यांना जोडतात आणि पुन्हा तापवूनही ते रबर वितळत नाही, अति तापल्यास करपते. पूल मोजके असतील तर रबर लवचीक राहते, गंधक फार वाढवल्यास एबोनाइटसारखा कठीण पदार्थ बनतो.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात रबराच्या बागा आहेत. तेथे झाडाचा चीक गोठवून त्याचे पत्रे लाटतात. हे पत्रे कच्च्या रबराचे असतात, त्यांत गंधकाचे पूल नसतात. ड्रॅग रेसिंगच्या गाडीचे टायर हे दुसरे टोक. शर्यतीपूर्वी मागची चाके ओल्या जागेवर जागच्या जागी वेगाने फिरवतात. घर्षणाने टायरचा पृष्ठभाग तापून चिकट होतो व धावपट्टीला घट्ट धरतो, पण आतील टायर आपला आकार सोडत नाही. पत्रा आणि टायर यांतील हा फरक व्हल्कनीकरणाचा आहे.

१८९८ मध्ये अ‍ॅक्रन येथे स्थापन झालेल्या गुडइयर टायर कंपनीला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचा किंवा त्यांच्या कुटुंबाचा या कंपनीशी संबंध नव्हता.