खामगावचे वकीलसाहेब

एलएलबी करताय आणि घरचे म्हणतात, छंदबिंद नंतर बघू? मग आपल्या जिल्ह्यातले श्रीपाद कृष्ण कोल्हटकर माहीत हवेतच. जन्म १८७१चा. खामगाव, जळगाव जामोदला वकिली. दिवसभर कलमं, दावे, तारखा. पण हाच माणूस नाटकं लिहायचा. ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये तर सुदामा, बंडूनाना, पांडुतात्यांना घेऊन त्यांनी जुन्या रूढींची मनसोक्त टर उडवली. कायद्यावर पोट असलेल्याने समाजाच्या नियमांना हसायचं, तेही शंभरेक वर्षांपूर्वी! बरं, तेवढ्यावर थांबले? छे. वकिली सांभाळून ग्रहांच्या गणितात शिरले आणि १९१३मध्ये ‘भारतीय ज्योतिर्गणित’ लिहिलं. तुम्ही गॅदरिंगला म्हटलेलं महाराष्ट्रगीतही कदाचित त्यांचंच असेल. आणि राम गणेश गडकरी गुरू मानायचे, ते याच वकीलसाहेबांना.